वीसपैकी तीन

४ मार्च
ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

आमच्या पत्रकारिता विभागाच्या प्रमुखांनी काल स्वतःच्याच बातमीला वीसपैकी तीन गुण दिले. परीक्षा विभागातल्या कारकूनबाईंनी सही ताडून पाहिली, त्यांचीच आहे.

पेपर तपासण्याआधी आम्ही सगळे शिक्षक एकच नमुना तपासून गुण जुळवतो. यंदा तो मी निवडला. विभागप्रमुख तुझे संपादक असताना तुझी युद्धाची बातमी फाडून, दवाखान्यावर तोफ शत्रूने डागली असं सांगणारी स्वतःची बातमी त्यांनी छापली होती, तीच. पाठ्यपुस्तकात ती निःपक्षपातीपणाचा आदर्श म्हणून आहे. शिकवतो आम्ही, ते पुस्तक उघडतही नाहीत. मी गावाचं नाव बदललं आणि देशांची अदलाबदल केली. लाल शाईत शेरा आला, की दवाखान्यावर तोफ कोणी डागली याला पुरावा नाही आणि बातमीदार स्वतःच्या सरकारचा भाट आहे.

शुक्रवारी पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीची बैठक आहे. त्या बातमीखालची, तुला शत्रुधार्जिणा म्हणणारी तळटीप त्यांच्याच हाताने खोडून घेणार. एकोणीस वर्षं डूख धरून बसले आहे.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तसाच राहू दे.
धाकटी

६ मार्च
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझी वहिनी म्हणते, इतका हसलेला नवरा तिने लग्नातही पाहिला नव्हता.

तोफ आपली होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने माझ्यासमोर कागद फाडला आणि चहा मागवला. त्याला तोंड लपवायला जागा ठेवू नकोस.

मात्र तो म्हणेल, बहीण भावाचा सूड उगवते आहे. म्हणून माझा मूळ मजकूरही तसाच उलटा करून सगळ्यांना तपासायला दे. कार्बनप्रत सोबत आहे. बोट ठेवायला जागा सापडणार नाही.

तब्येतीला जप, माया आहेच.
दादा

९ मार्च
ती. दादास सा. न.

रागावू नकोस. मी तुला अठरा दिले, बाकीच्या पाच जणांची सरासरी नऊ. तोफ कोणाची, याचा पुरावा तू चोख दिला आहेस, सगळ्यांनी मानलं. पण आपल्या गोळंदाजाच्या थरथरत्या हातांवर तुझा अख्खा परिच्छेद आहे आणि दवाखान्यातल्या माणसांचा नुसता आकडा. देश उलटे केल्यावर ते सगळ्यांना खुपलं. मला मात्र नाही, कारण मला लिहिणारा माहीत होता.

माघार घेत नाही. उद्या अकराच्या बैठकीत आधी तुझे नऊ वाचीन, माझे अठरा सर्वांदेखत खोडीन. मग त्यांचे तीन, शेऱ्यासकट, त्यांनाच उभं राहून वाचायला लावीन. शेरा मागे घ्यायचा की तळटीप, एवढंच त्यांच्या हाती उरेल.

राग उतरला की लिही. लोभ कमी करू नकोस.
धाकटी