कॅपिटल के, स्मॉल के

उंब्रज, मंगळवार संध्याकाळ

फौजेतून रिटायर होऊन घरी बसलो, तेव्हा सुनेनं, वैशालीनं, मला प्रोग्रामिंग शिकवायचं मनावर घेतलं. आज गावांच्या यादीतून 'के'नं सुरू होणारी गावं निवडायची होती. कराड, खंडाळा, उंब्रज, जत, सगळी इंग्रजीत टाईप केली. प्रोग्राम चालवला तर स्क्रीन कोरी. परत परत तपासलं. शेवटी चिडून लॅपटॉप मिटला. "बास. ह्या वयात हे आपलं काम न्हाई."

वैशाली तिचं ऑफिसचं काम सोडून शेजारी बसली. लॅपटॉप उघडून माझ्यापुढं सरकवला, पण कीबोर्डला बोट लावलं नाही.

"मामा, कराडचा के कसा लिवलाय?"

"कॅपिटल."

"आन शोधताय कुठला?"

स्मॉल! मशीनला ती दोन वेगळी अक्षरं. मीच बदललं. कराड, खंडाळा, दोन्ही हजर!

तिनं बोट लावलं असतं तर चुटकीसरशी सुटलं असतं. पण मग मी उद्या पुन्हा बसलो असतो का? नसतोच.

आभार मानायला जीभ वळेना. उठून तिच्यासाठी चहा केला. एक घोट घेऊन म्हणाली, "आवं मामा, साखर लय झालीया." आणि सगळा प्याली.