तावडेकाकांच्या वहीतला कंस

शनि., ८ नोव्हेंबर
नवीन फायरवॉल लागली एकदाची, नेटवर्कमधून काय आत-बाहेर जाईल ते ठरवणारी. जुनीत नुसते आकडे होते. कुठला पत्ता कुठल्या मशीनचा, ते फक्त तावडेकाकांना माहीत. आता प्रत्येक पत्त्याला नाव, नावांचे ग्रुप, आणि ग्रुपला परवानगी किंवा बंदी. काका दिवसभर शेजारी वही घेऊन बसले. मुलुंडच्या या हॉस्पिटलातली प्रत्येक केबल त्यांनीच ओढलेली, सगळी त्या वहीत. ते वाचत होते, मी टाइप करत होते. कॅमेऱ्यांचे पत्ते वीसच्या रांगेत, लॅबच्या मशीनांचे एकवीसच्या. दोन्ही ओळींना मिळून एक कंस. हा कशाला, विचारलं. "दोघांच्या वायरी एकाच कपाटात, म्हणून. बाकी काय संबंध नाय."
महिनाअखेर काका साठचे होतात. दलालसाहेब (ॲडमिन) एक वर्ष वाढवून देणार आहेत. पत्र तयार आहे म्हणे.
उरलेलं उद्या घरून.

रवि., ९
जेवण झाल्यावर बसले. कॅमेऱ्यांची पूर्ण रांग एका नावाखाली घेतली, ते नाव "बाहेर बंद" ग्रुपात टाकलं, म्हणजे त्यांच्यातून हॉस्पिटलबाहेर काही जाणार नाही. कॅमेरे तपासले, बंद झालेत. बाकीचं तपासायचं राहिलं. घाटकोपरहून बोरिवलीला पोचायचं होतं, चुलत बहिणीचा साखरपुडा, आई दारात चप्पल घालून उभी.

सोम., १०
सकाळी साडेआठपासून लॅबचे रिपोर्ट भांडुपच्या डायलिसिस सेंटरला जाईनात. इकडे स्क्रीनवर "पाठवला", तिकडे काही नाही. लॅबचा फोन सारखा बिझी. तिथे पेडणेकर म्हणून पेशंट, त्यांचं पोटॅशियम फार वाढलेलं. तो रिपोर्ट इथेच अडकला. तिकडचे डॉक्टर वाट बघत बसले.
काकांनी कोणाला न विचारता सगळे रिपोर्ट छापले आणि रिक्षा करून भांडुपला निघाले. ते पोचेपर्यंत पेडणेकरांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. त्यांना इकडे आणलं त्याच ॲम्ब्युलन्समधून काका परत आले. पेशंट आयसीयूत.
मला तोवर सापडलं होतं. कॅमेऱ्यांच्या पत्त्यापुढे २४ लिहायचं तिथे मी २३ लिहिलंय. तो आकडा एकने कमी झाला की रांग दुप्पट होते. वीसबरोबर एकवीस पण आत. लॅबला मीच बंद केलं होतं. दोन मिनिटांत दुरुस्त केलं. 
बारा वाजता मीटिंग. दलालसाहेब म्हणाले, "लॅब बंद ग्रुपमध्ये गेलीच कशी?"
मी म्हटलं, "यादी तावडेकाकांच्या वहीतून घेतली होती, सर."
हे खोटं नाही. एवढंच म्हटलं.
साहेबांनी वही मागितली, पान उघडलं. "इथे तर दोन्ही एकत्र दाखवलंय. हा कंस कोणाचा?"
काका म्हणाले, "माझाच."
मग माझ्याकडे बघितलं. मी कंस म्हणजे कपाट, हे सांगायला पाहिजे होतं. एक वाक्य. मी लॅपटॉपकडे बघत राहिले.

मंगळ., ११
पेडणेकर अजून आयसीयूतच.
काल घरी येऊन पोहे खाल्ले. नीट जेवले पण. तेच आठवत राहतं.

बुध., १२
फायरवॉल प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. उघडून बघितली. रवि. ३.५२, माझं लॉगिन, माझा आकडा. खाली सोमवारची दुरुस्ती, तीही माझीच. ही नोंद बघायची परवानगी फक्त मला आहे. ग्रुप करताना मीच तशी दिली.
पुसली नाही. पण पुसता येते का ते बघितलं. हे कोणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहिते.

गुरु., १३
आयसीयूच्या मजल्यावर काम होतं. बाहेर बाकावर पेडणेकरांच्या मिसेस, शेजारी काका. मी जिन्यातच थांबले. काका म्हणत होते, "वहिनी, माझ्या लिहिण्यातसून घोळ झालो. म्हणान उशीर झालो. माका माफ करा."
ती बाई म्हणाली, "तुम्हीच तर कागद घेऊन धावत आलात." आणि रडायला लागली.
काम न करता खाली आले.

शनि., १५
पेडणेकर वॉर्डात. बोलतात, चहा घेतला. देवा.
वाटलं होतं, ते बरे झाले की माझंही हलकं होईल. तसं काही नाही.
साहेबांनी काकांचं वाढीव वर्ष रद्द केलं. मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, वर विचारलं, "तू एकटी सांभाळशील ना?" मी "हो सर" म्हटलं. एवढ्या पटकन म्हटलं की

सोम., १७
काका टेबलाशी आले. हातात नवीन जाड वही. चार रात्री घरी बसून सगळी वही पुन्हा लिहून काढली. प्रत्येक पत्ता, मशीनचं नाव, मजला, खोली. एका ओळीत एकच मशीन. रेघा पट्टीने मारलेल्या. कंस कुठेही नाही.
"आता तुका त्रास नाय होणार. वाचताना कोणाचो गोंधळ नको."
थँक्यू काका म्हटलं. दुसरं काय तोंडातून येणार.
बाथरूममध्ये जाऊन बसले.

बुध., १९
आईने विचारलं, आजारी आहेस का. नाही म्हटलं.
आज दोनदा काकांच्या खोलीपर्यंत गेले. एकदा ते फोनवर. एकदा एकटेच होते.

शुक्र., २१
सांगितलं. ऑफिसनंतर भांडुपला त्यांच्या घरी गेले. काकू देवळात गेल्या होत्या, काका एकटेच, भाजी निवडत होते. उभ्या उभ्या सांगितलं. २३, २४, साखरपुडा, नोंद, सगळं.
काकांनी हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली.
मग म्हणाले, "म्हणजे माझा बरोबर होता."
"हो काका."
"आणि त्या कंसाचा तुका म्हायत होता. मी सांगितलेलंय."
"हो."
"साहेबांका सांगितलंस?"
"नाही अजून."
"मग माका कशाक सांगतंस गो?"
 तुम्ही माफ केलंत तर तिकडे जायची वेळ येणार नाही, असं कुठेतरी मनात होतं. ते त्यांना कळलं असणार. चहा विचारला नाही. काका असं कोणाला पाठवत नाहीत.

सोम., २४
केबिनमध्ये गेले, दार लावून सगळं बोलले. नोंदीचा प्रिंट समोर ठेवला.
दलालसाहेबांनी वाचला आणि उलटा करून ठेवला. म्हणाले, "पेशंट घरी गेला. तक्रार नाही. तावडे तसेही रिटायर होतायत. आता हे वर पाठवलं तर तुझं काय होईल, विचार केलास? फाइल बंद आहे, सुषमा. बंदच राहू दे."
बाहेर आले. खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं. लिफ्टपर्यंत तरी.

मंगळ., २५
सुट्टी टाकली. सकाळभर मेल लिहिला. तीन वेळा खोडला. पहिल्यात "आमच्याकडून चूक झाली", दुसऱ्यात "अनवधानाने". शेवटी: चूक मी केली, वहीत चूक नव्हती, मीटिंगमध्ये मी गप्प बसले, तावडेंचं वाढीव वर्ष त्यांना परत द्यावं. जोडीला नोंद. साहेबांना आणि त्यांच्या वर डायरेक्टरांना. १.२० ला पाठवला.

बुध., २६
डायरेक्टरांच्या ऑफिसातून एक ओळ: शुक्रवारी ११ वाजता या. काकांबद्दल अक्षर नाही. साहेब कॉरिडॉरमध्ये समोरून गेले, बघितलं नाही.
काका दोन दिवस रजेवर. संध्याकाळी फोन केला. काकूंनी उचलला. मेल पाठवलाय एवढं त्यांना सांगायचं होतं, म्हटलं. काकूंनी फोनवर हात ठेवला, आत काहीतरी बोलल्या.
मग म्हणाल्या, "हयच बसलेत गो. पण नको म्हणतत."