मेव्हण्यासाठी कृपेचे पद्धतशीर विवेचन

९ मार्च, रविवार
उपासना संपल्यावर पास्टर शुभम यांनी ईस्टरपूर्वीचा अभ्यासवर्ग माझ्याकडे सोपवला. विषय : तारण कर्मांनी नव्हे, केवळ कृपेने. सुरतेतल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीत हा विषय मुद्देसूद मांडू शकेल असा निवृत्त मुख्याध्यापक मी एकटाच. पास्टर गातात चांगले.
जे बरीच वर्षे मंडळीपासून दूर राहिले, त्यांना ईस्टरच्या प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर व द्राक्षरस मंडळीसोबत घेण्यासाठी, तयार करणे हा वर्गाचा हेतू.
संकल्प : कोणाहीविषयी कटुता न बाळगता शिकवीन.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पत्नीने, म्हणजे कमलने, भाकरी थापता थापता सांगितले की वर्गाला लखनही येणार आहे. लखन हा तिचा धाकटा भाऊ. संकल्पात किंचित दुरुस्ती आवश्यक.

१२ मार्च, बुधवार
लखनविषयी वस्तुनिष्ठ नोंद. दारूबंदी असलेल्या राज्यात त्याने अनेक वर्षे नियमित दारू मिळवली. इतकी चिकाटी अभ्यासात दाखवली असती तर कलेक्टर झाला असता. आता सोडली म्हणतो. ते असो. माझा आक्षेप दारूला नाहीच. माझ्या निरोप समारंभात माझे दोन मुद्दे शिल्लक असताना या गृहस्थाने उठून टाळ्या वाजवल्या. सगळ्या सभागृहाने वाजवल्या. ते दोन मुद्दे आजतागायत कोणी ऐकलेले नाहीत.
मी क्षमा केलेली आहे. फक्त विसरलेलो नाही, आणि त्याने अजून मागितलेली नाही.

१६ मार्च, रविवार
पहिला धडा. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेले दान. फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढली. दृष्टान्त दिला : बुडणारा मनुष्य स्वतःचेच केस धरून स्वतःला पाण्याबाहेर ओढू शकत नाही. लखन डोक्यावर हात फिरवून म्हणाला, "भाऊजी, मग माझं तर कामच तमाम." त्याला टक्कल आहे हे मी विचारात घेतले नव्हते. वर्ग बराच वेळ हसला. दृष्टान्त बदलणार नाही.

१९ मार्च, बुधवार
लखनचा विषय संपूर्णपणे देवावर सोपवला. विलक्षण शांती लाभली.
दुपारी, केवळ देवाला साहाय्य म्हणून, भेस्तानला त्याच्या डाइंग मिलच्या फाटकासमोर जाऊन उभा राहिलो. शिफ्ट सुटल्यावर तो कोणत्या दिशेने जातो ते पाहायचे होते. तो थेट माझ्या दिशेने आला. म्हणाला, "भाऊजी, उन्हात काय करताय? चला, सोडा पाजतो." प्यालो. त्याचा ग्लास हुंगून पाहिला. लिंबूच होते.

२३ मार्च, रविवार
दुसरा धडा : देवावर भरवसा. मी व्यवस्थित समजावले की भरवसा ठेवणारा मनुष्य निकाल स्वतः लावू पाहत नाही. लखन भिंतीला टेकून घोरत होता. रात्रपाळी करून आलो म्हणाला. वर्गातल्या मालतीबाईंनी स्वतःची शाल घडी करून त्याच्या मानेखाली ठेवली! मी तासभर उभा राहून बोललो, मला कोणी पाणी विचारले नाही.
वर्गानंतर सगळे त्याच्याभोवती चहा पीत उभे. माझ्या वर्गामुळे लोकांत किती जवळीक निर्माण होते आहे!

३० मार्च, रविवार
एक मौलिक विचार सुचला. कृपा फुकट आहे, हे ज्याला नीट समजलेले नाही, त्याला ती फुकट कशी द्यावी? म्हणून प्रभुभोजनापूर्वी तोंडी परीक्षा घेणार. जाहीर केले. वर्गात शांतता पसरली. आदरयुक्त असावी.
प्रार्थना केली : प्रभो, लखनला नापास करावे अशी माझी इच्छा नाही, तुझी असेल तर मात्र संकोच करू नकोस.

६ एप्रिल, रविवार
परीक्षा झाली. मालतीबाई पाठ करून आल्या होत्या. लखनला अगदी सोपा प्रश्न दिला : कृपेची व्याख्या सांग. तो उभा राहिला, खिशातून तंबाखूची पुडी काढली, परत ठेवली, आणि आमच्या घरगुती अहिराणीत म्हणाला, "भाऊजी, मले काही समजनं नही. पन झोप मस्त लागनी."
नापास. देवाची इच्छा इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

८ एप्रिल, मंगळवार
निकाल घेऊन पास्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "सर, परीक्षा कोणी ठेवायला सांगितली?" मी तत्त्व समजावून सांगितले. ते म्हणाले, "लखनभाई प्रभुभोजनाला बसतील." मी पुन्हा समजावले. ते म्हणाले, "सर, चहा घेणार?" गाणारी माणसे तर्काला अशीच टाळतात.
घरी आलो तर कमल तयारच होती. तिचे म्हणणे असे : बाप गेल्यापासून भावाच्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायची वाट पाहते आहे, यंदा तुम्ही मध्ये आलात तर तुमचं माझं बोलणं बंद. "तुमच्या धड्यात एवढी कृपा आहे," ती म्हणाली, "थोडी घरी आणा की." स्त्रियांना अमूर्त संकल्पना समजावण्यासाठी वेगळा वर्ग हवा.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
शेवटचा धडा. आमच्या मंडळीची जुनी चाल सविस्तर सांगितली : गुड फ्रायडेच्या सभेत, ज्याचे ज्याच्याशी वाकडे असेल त्याने जाऊन त्याचा हात धरायचा व सलाम म्हणायचे. जो हात धरीत नाही, त्याने ईस्टरच्या रविवारी प्रभुभोजनाच्या ताटातले काही न घेता ते पुढे द्यायचे. अलीकडे या नियमात ढिलाई आली आहे. तो काटेकोर पाळला जावा असा आग्रह धरला. पास्टरांनाही कबूल करावे लागले.
योजना साधी आहे. लखन आळशी. तो स्वतःहून येणार नाही. नियमच त्याला दूर ठेवील. मला बोटही हलवावे लागणार नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
आला. सगळ्यांत आधी. हात पुढे करून म्हणाला, "सलाम, भाऊजी. जे काय असंल ते सोडा."
मी हात धरणारच होतो. परंतु 'जे काय असंल' हे विधान फार मोघम वाटले. म्हणून प्रथम समेटाचे स्वरूप स्पष्ट करणे भाग होते. एक, अपराध नेमका कोणता, दोन, त्याची जाणीव कितपत, तीन, टाळ्या. त्याने उजवा हात थकल्यावर डावा पुढे केला. मी दुसऱ्या मुद्द्याचा पोटमुद्दा मांडत असताना शेवटचे गीत सुरू झाले. तो म्हणाला, "भाऊजी, माझी शिफ्ट हाये. लवकर घ्या." मी म्हणालो, मध्ये बोलू नये. तो थोडा थांबला, मग हात खिशात घालून निघून गेला.
कमल सर्व वेळ पाहत होती. घरी येताना रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.
तरी हात न मिळवता गेला तोच. नोंद असावी.

२० एप्रिल, ईस्टर, दुपार
कमल लखनच्या शेजारी बसली. ताट लखनकडे आले. मी पास्टरांकडे सूचक पाहिले. पास्टरांनी माझ्याकडे पाहिले, आणि मालतीबाईंनी, आणि हळूहळू पूर्ण मंडळीने. लखनने घेतले. कमलने घेतले, आणि ती रडली. आमच्या लग्नात रडली होती त्याहून बरीच अधिक.
मग ताट माझ्यासमोर आले. मालतीबाई कुजबुजल्या, "गुरुजी, अजून वेळ आहे. तो काय तिथंच बसलाय. उठा, हात धरा." मी उठणार होतो. पण उठल्यावर प्रथम तिसरा मुद्दा घ्यावा की थेट समारोप करावा, हे ठरेपर्यंत शेजारच्याने ताट घेतले.
संपूर्ण मंडळीत न घेतलेला मी एकटाच. नियमाचे इतके शुद्ध पालन कोणी पाहिले नसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
कमल भावाकडे जेवायला गेली. मी नवागामला घरी. सकाळचा भात आहे.
आत्ता दार वाजले. बाहेरून लखन ओरडला, "भाऊजी, मटण आणलंय. ताईनं पाठवलं नाही, मीच आणलं." मी जागचा उठलो नाही. त्याच्या हातचे असे विनाअट घेणे म्हणजे आजवर शिकवलेल्या सगळ्यावर पाणी सोडणे. त्याने पुन्हा वाजवले. मसाल्याचा वास दाराखालून आत येत होता. आणखी एकदा वाजवील तर उघडायचे ठरवले. वाजवीलच, असा पूर्ण भरवसा होता.
"ताई आज तिकडंच राहते म्हणे. उद्याचं बघू म्हणाली," तो जिन्यातून ओरडला. पावले उतरली. दार उघडले. उंबऱ्यावर डबा ठेवलेला नव्हता.
गॅलरीत गेलो. तो डबा हँडलला अडकवून मोपेड चालू करीत होता. हाक मारणे सहज शक्य होते. काय म्हणायचे, त्याची मनातल्या मनात मांडणी करीत होतो, तोवर मोपेड कोपऱ्यावरून वळली.
मांडणी मात्र उत्तम झाली होती.