मारव्यातली ती चीज

११ जानेवारी १९८८
पावणेपाचला पाणी आलं. हंडे भरताना नव्या चिजेची अस्ताई घोळवत होतो. जमली नाही! दोन ओळी पुढे सरकल्या की सूर जुन्याच वाटेला. सातपासून परीक्षेची पोरं, चार तास तेच ते अलंकार. डोंबिवलीत गाणं म्हणजे सर्टिफिकेट.

१४ जानेवारी
तिळगूळ द्यायला नंदा आलेली. माझी एकच खरी शिष्या. "बुवा, ठाण्याच्या कार्यक्रमात मारव्यातली ती चीज गाते. तुमच्या गुरुजींची म्हणून सांगते हं!"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मीच तसं सांगत आलोय सगळ्यांना. एकवीस वर्षांपूर्वी मीच बांधली, तेव्हा माझी, आंबिवलीच्या विश्राम भोईरची, म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं? "गुरुजींची आहे" म्हटलं आणि माना डोलल्या. जन्मात हातून एवढी एकच चांगली झाली, आणि तीही माझी म्हणता येत नाही.

१५ जानेवारी
काही सुचत नाही.

२० जानेवारी
रियाज नाही. पोरांनाही परत पाठवलं. शेवटी सरस्वतीला सांगितलं, ती चीज माझी आहे म्हणून. ती मेथी निवडत होती. "अहो, मग सांगा की त्या पोरीला! मेल्यावर सांगणार का?"

बायकोला मेथी निवडताना कळतं ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

२३ जानेवारी
सांगितलं! नंदाचा चेहराच उतरला. "बुवा, गुरुजी आज नाहीत म्हणून…" मी गुरूची चीज ढापतोय असं वाटलं तिला! स्वतःच्याच चिजेचा चोर ठरलो! लाज लाज झाली. जाताना म्हणाली, "कल्याणला त्र्यंबककाकांकडे गुरुजींच्या वह्या आहेत ना? बघून येते. तुमच्यासाठीच हो."

त्र्यंबक म्हणजे गुरुजींचा मुलगा. जा, खुशाल बघ म्हटलं. वहीत नसणारच.

२६ जानेवारी
नंदा नाही. जेवण जात नाही. समजा वहीत नाही सापडली, तरी माझं कोण मानणार? पन्नाशी जवळ आली. एक चीज, बस. एवढंही मागू नये माणसाने?

२९ जानेवारी
नंदा वही घेऊन आली. गुरुजींचंच अक्षर. सन १९४९. मारवा. अस्ताई, अंतरा, शब्द न् शब्द तोच.

त्या वर्षी मी आठ वर्षांचा, शिकायला त्यांच्याच घरी राहायचो. ते गात बसायचे, मी तिथेच कोपऱ्यात झोपायचो.

ही चीज ऐकल्याचं मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही!

एकवीस वर्षं जे खोटं समजून सांगत आलो, ते खरं होतं.