तळ्याकाठचा थांबा

चिझुरूताई,

तुला वाकून नमस्कार. थंडी पडली, आता तुझी कंबर काय म्हणते? तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं आणि संपलंही. (मी दोनच फोडी खाल्ल्या. बाकीचं फुमिएला विचार.)

पळण्याच्या शर्यतीत नाक्यानाक्यावर ठरलेली वेळ संपली की रस्त्यावर दोर धरतात आणि मागे राहिलेल्यांना बसमध्ये घालतात, हे तुला ठाऊकच आहे. फुमिए दोनदा अशी बसमधून परतली. जानेवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याआधी एकदा तरी शेवटची रेघ स्वतःच्या पायांनी ओलांडायची, एवढंच तिचं मागणं. मी म्हटलं, मी असताना काळजी कसली? जन्मभर आगगाडी चालवली. प्रत्येक किलोमीटरची वेळ काढली, चढाला जास्त, उताराला कमी, आणि सोबतीला शर्यतीत माझंही नाव घातलं. पाणी देणाऱ्या प्रत्येक आजीबाईला फुमिए थांबून नमस्कार करणार, तेवढे सेकंदसुद्धा धरले होते.

तळ्याकाठच्या नाक्यापर्यंत सगळं झकास. (मला जरा धाप लागली होती, ते सोड.) तिथे फुमिएनेच विचारलं, "अहो, आपण वेळेआधी आलो का?" पाहतो तर चांगली दोन मिनिटं आधी. आता तूच सांग, वेळेआधी गाडी सोडणं मला या जन्मी जमेल का? धावत येणारा एखादा उतारू मागे राहतो. दोघं बाकावर बसलो, वेळ भरल्यावर हात दाखवून निघालो. आमच्या गाडीला उतारूच नव्हते, हे मला फार उशिरा सुचलं. तळ्यापुढे समोरून वारा सुटला, तो माझ्या वेळापत्रकात नव्हता, आणि शेवटच्या नाक्यावरचा दोर आमच्या डोळ्यांदेखत आडवा झाला.

बसमध्ये फुमिएने भाताचा गोळा मोडून मोठा तुकडा मला दिला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिची रेघ माझ्यामुळे हुकली, ताई, आणि ते मला फार लागलं आहे.

तुझा धाकटा,
तामोत्सु

ता. क. फुमिएला फोन कर आणि ती रागावली आहे का, ते सहज विचारल्यासारखं काढून घे. माझं नाव नको.

आणखी ता. क. वन्सं, मी फुमिए. पाकीट टपालात टाकायला माझ्याच हाती दिलंय, तेही उघडं. मी रागावलेली नाही. तळ्याशी ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बसा म्हटलं असतं तर बसले असते का? म्हणून वेळ विचारली. फोन जरूर करा, पण ह्यांना. छाती दाखवून या म्हणून दटावा, तुमचंच ऐकतात. लोणचं सगळं ह्यांनीच खाल्लं. गुडघा बरा झाला की पुन्हा पळू, पण वेळापत्रक मी करणार. तळ्याकाठी दहा मिनिटांचा थांबा धरलाय. बस आली तर येऊ दे, तिच्यात दोघांना शेजारी जागा मिळते.