मारबतीसंग गेलेलं वायरचं पोतं

रिसाली, भिलाई
गणपती बोळवल्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप साडभाऊ बाबुलालभाऊ यायले नत्थूचा दोन्ही हात जोडून रामराम.

आमी इथं खुशाल आहोत, तुमी तिथं गोंदियाले खुशाल असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? रेल्वेत गार्ड म्हणून उभी जिंदगी डब्यात चढण्या-उतरण्यात गेली, आता गुडघा आपला हिशेब मांगणारच. तेल लावा, पण गरम करून लावा. कौशल्याबाईची शुगर कशी आहे? त्यायले नमस्कार सांगा, पण हे पत्र वाचाले देऊ नका. (फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन वाजला का कौशल्याबाई तो स्पीकरवर टाकून भाजी निवडाले बसतात, अन् मंग माह्या तोंडचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते त्यायच्या बहिणीच्या, म्हणजे माह्याच घरच्या मंडळीच्या कानात जाऊन बसते. म्हणून पत्र. तुमाले इतक्या दिवसानं माहं अक्षर पाहून कोणी गेलं का काय असं वाटलं असल, तर तसं काही नाही. गेलं ते माहं पोतं.)

पोतं तुमाले माहीत आहे. मागच्या खेपेले तुमी आलते तेव्हा रात्री त्याच्यावर पाय ठेवून झोपले होते. वायरचं पोतं. प्लांटमधे इलेक्ट्रिकल शॉपात मी इतके वर्ष काढले, तिथं वस्तू फेकाची पद्धतच नव्हती. स्पेअर म्हणून ठेवाची. मशीन भंगारात जाये पण तिचा स्पेअर राहे, अन् तो स्पेअर कोण्या मशीनचा हे सांगणारा माणूस रिटायर झाला तरी स्पेअर राहे. तोच नेम म्या घरी लावला. आमचा डब्बा मॉनिटरवाला कम्प्युटर भंगारवाल्यानं नेला, पण त्याची निळ्या तोंडाची केबल म्या काढून घेतली. प्रिंटर गेला, त्याची मनगटाएवढी जाड केबल राहिली. गोल पिनचा माऊस, फ्लॉपीची चपटी पट्टी, टेलिफोनवरून इंटरनेट चाले तेव्हाच्या मोडेमचा अडॅप्टर, बारीक पिनचे चार्जर, जाड पिनचे चार्जर, अन् काही असे का ज्यायची पिन म्या आजवर कोणत्याच छिद्रात बसलेली पाह्यली नाही. आमचा अंकुर म्हणते, बाबा, आता सारं बिनावायरचं आलं, कायले जमा करून राहिले? पण तो पुण्याहून घरी आला का चप्पल काढाच्या आधी विचारते, बाबा, चार्जर आहे का. तुमीच सांगा आता.

तर पोळ्याच्या आदल्या दिवशी अन्नपूर्णा गणपतीचं मखर काढाले स्टुलावर चढली अन् सज्जावरून मखराच्या आधी पोतं खाली आलं. तिले लागलं नाही, हे पहिले सांगतो, नाही तर तुमच्या घरी रडारड होईल. पण ती सैपाकघरातून बाहेर आली तेव्हा प्रिंटरची केबल तिच्या गळ्यात होती, सत्कार झाल्यावाणी. मले हसू आलं. तिथंच माहं चुकलं. ती म्हणाली, गणपतीच्या आत हे घरातून गेलं पायजे. म्या दिवाळीपर्यंतची मुदत मांगतली. ती काही बोलली नाही. इतके वर्ष संसार करून मले वाटलं का न बोलणं म्हणजे हो.

आता पुढचं तुमी गोंदियाचे म्हणून तुमाले समजल, रायपूरच्या माणसाले समजणार नाही. आमी भिलाईले येऊन दोन पिढ्या झाल्या, पण पोळ्याच्या रात्री दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, ठेवणं सोडलं नाही. आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, पण सकाळी सारे आपापल्या दारातल्या फांद्या उचलतात, अन् ईडापीडा, खासी-खोकला, रोगराई, जे जे घरात नको ते घेऊन जा गे मारबत असं ओरडत नाल्यापार नेऊन टाकतात. अन् एकदा मारबतीसंग गेलेली वस्तू घरात परत आणाची नाही, आणली तर साऱ्या पीडा तिचं बोट धरून परत येतात, हे आपल्या आज्यापासूनचं. समोरचा भूपेंद्र साहू (तो इथलाच छत्तीसगढी, बॅटरीची रिक्षा चालवते, माणूस सोन्याचा) दरसाल साऱ्यायच्या फांद्या रिक्षात टाकून नेऊन देते. अन् गल्लीतला सगळ्यात वडील मराठी माणूस म्हणून ओरडाचा मान माहा. यंदाही म्या मान राखला. बनियानवर, रिक्षाच्या पुढं उभा राहून, बेंबीच्या देठापासून. मागून अन्नपूर्णाचा आवाज आला, अन् जुने वायर घेऊन जा गे मारबत. मले वाटलं कोण्या तरी दुसऱ्याच्या घरचे असतील. म्या तेही तिच्या मागं ओरडलो, तिच्याहून मोठ्यानं. रिक्षा वळली तेव्हा पानायखाली मले पोत्याचं तोंड दिसलं, सुतळीनं बांधलेलं, गाठ माही.

आता मान माहा, आवाज माहा, पोतं माहं. तक्रार कोणाजवळ कराची? मी घरात येऊन च्या पेलो.

खरी गोष्ट इथून पुढं आहे, भाऊ. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायांचं भजन असते. दामिनीबाई मधात बसून गातात अन् अन्नपूर्णा मागच्या ओळीत टाळ वाजवते. किती वर्षांपासून टाळच वाजवून राहिली. तिचा आवाज तुमी तिच्या लग्नाआधी ऐकला असल, मंग पोरं झाली, सेक्टरचं क्वार्टर, तुमची पोरगी शिकाले आमच्याकडं होती ते दिवस, तिचं गाणं राहूनच गेलं. यंदा दामिनीबाई लेकीच्या बाळंतपणाले गेल्या, अन् मंडळानं आठव्या दिवशीच्या कार्यक्रमात एकटीनं गायाले अन्नपूर्णाचं नाव लावलं. ती वरून म्हणे, मले कायले, दुसऱ्या कोणाले द्या. पण त्या दिवशी तिनं वरणात दोनदा मीठ टाकलं. मी गुमान खाल्लं. मले समजलं होतं का तिले हे किती पायजे.

तिच्याजवळ तंबोऱ्याची पेटी आहे, लाइटवर चालणारी, लय जुनी. तिचा असली अडॅप्टर कधीचाच जळला, अन् म्या तिले त्या मोडेमचा अडॅप्टर लावून देल्ला होता. बरोबर बसला, व्होल्टेज तेच, पिन तीच. हे म्या तेव्हा तिले समजावून सांगतलं होतं, पण मी समजावून सांगतो तेव्हा ती फोडणी देत राहते. पोतं भरून बाहेर काढताना तिनं कपाटाजवळ पडलेला एक काळा वायर दिसला म्हणून तोही आत कोंबला. हरतालिकेच्या दिवशी, पोटात पाण्याचा थेंब नाही, अशी ती पेटी घेऊन सरावाले बसली. बटण दाबलं. पेटी मुकी. तिनं कपाट पाह्यलं, मागं पाह्यलं, खाली पाह्यलं, मंग सज्जाकडं पाह्यलं अन् मंग माह्याकडं. भाऊ, ती ओरडली असती तर मले सोपं गेलं असतं. तिनं पेटीवर कपडा टाकला अन् आत गेली. म्हणून ठेवत जा म्हटलं होतं, हे वाक्य म्या बोललो, पण मनातल्या मनात, अन् तेही गच्चीवर जाऊन.

शेजारची रीना म्हणाली, काकू, मोबाइलमें तानपुरा आहे नं. लावून देल्ला. चांगलं चाललं होतं, पण अभंगाच्या मधातच एक बाई निघाली अन् नेहरू नगरात दोन खोल्यायचे फ्लॅट विकाले लागली. अन्नपूर्णानं मोबाइल उलटा ठेवला. मंग ती म्हणाली का बाजारातून नवीन अडॅप्टर आणू. म्या तिले इलेक्ट्रिकलचा माणूस म्हणून स्पष्ट सांगतलं, अशी पिन आता भिलाईत काय, दुर्ग शहरातही भेटणार नाही, कंपनीनंच बंद केली. 

मी भूपेंद्रकडं गेलो, म्हटलं नाल्यात कुठसा टाकलं ते दाखव, काढतो. तो हासाले लागला. कका, येमा तो तांबा हे, नरवा मा कइसे फेंक देतेंव? (याच्यात तांबं आहे, नाल्यात कसं फेकलं असतं म्हणे.) पोतं त्याच्या परछीत, खाटेखाली, सुतळीसकट. (परछी म्हणजे घराच्या पुढचा ओटा अन् छप्पर, हे तुमाले डोंगरगडच्या नोकरीपासून माहीत आहे.) मले रडूच यायचं राहिलं होतं. पोतं खांद्यावर मारून मी रस्ता ओलांडला, तर अन्नपूर्णा दारात आडवी. पोतं आत येणार नाही. मारबतीसंग गेलं ते गेलं. घरात अंकुर येते-जाते, अन् तोंडावर गणपती, अन् तुमी रोगराई खांद्यावर घेऊन येऊन राहिले? म्या म्हटलं, एकटा अडॅप्टर आणतो. म्हणे, तो बी गेलताच. म्या म्हटलं, नाल्यापार गेलाच नाही तर मारबतीसंग गेला कसा? म्हणे, तुमीच ओरडले नं, साऱ्या गल्लीनं ऐकलं. रस्त्याच्या मधात पोतं घेऊन मी उभा, इकडून सायकलवाले, तिकडून गाई.

शेवटी तोड मलेच सुचली. अडॅप्टर घरात येऊ शकत नाही, पण पेटी तर बाहेर जाऊ शकते. भूपेंद्रच्या परछीत सतरंजी टाकली. पोत्यातून एकेक अडॅप्टर काढून मी लावून पाहू लागलो. (प्लांटसारखे पुठ्ठ्याचे टॅग म्या बांधले होते, ते उंदरानं खाल्ले, अडॅप्टर ठेवले.) पहिला लावला तर पेटी म्हशीवाणी हंबरली. दुसऱ्यानं सूर इतका चढवला का अन्नपूर्णा म्हणे, याच्यात गाण्यापेक्षा मी सुतकात बसते. तिसऱ्यातून धूर निघाला, तो पेटीले लावलाच नव्हता म्हणून वाचलो. भूपेंद्रची माय तोंडात पदर धरून हासे. पण मंग मोडेमवाला हाती आला, म्या पिन बसवली, अन् पेटी अशी गोड बोलली का म्हशी घेऊन आलेली भूपेंद्रची वयनीही उभी राहिली. अन्नपूर्णानं डोळे मिटले अन् पहिला सूर लावला. खरं सांगतो भाऊ, मले लय बरं वाटलं.

मंग हे रोजचंच झालं. तीजेसाठी, म्हणजे त्यायच्या हरतालिकेसाठी, माहेरी आलेल्या गल्लीतल्या छत्तीसगढी पोरी संध्याकाळी परछीत येऊन बसत, मराठी अभंग त्यायले किती समजे देव जाणे, पण बसत. ती गाये, मी पोत्याजवळ बसून वायरायच्या गाठी सोडे. आठव्या दिवशी अडॅप्टर परछीतून थेट रिक्षात अन् रिक्षातून थेट मंडळाच्या हॉलात नेला, आमच्या उंबऱ्याले शिवला नाही. पहिल्या ओळीत तिचा आवाज कापला. दुसऱ्या ओळीपासून जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही, अन् मागच्या ओळीत टाळवाल्या बाया वाजवायचं विसरून ऐकत राह्यल्या. नवरात्रात पुन्हा गायाचं बोलावणं आलं आहे. मी समाधानी आहे, भाऊ. पोत्याची किंमत साऱ्या गल्लीले समजली, बोलून दाखवाची गरज नाही, तरी मी रोज एकदा बोलतो.

कौशल्याबाईले नमस्कार, नातवायले आशीर्वाद. उत्तर टाका.

तुमचा
नत्थू

ता. क. एक लहानसं काम होतं. भूपेंद्रची माय दिवाळीआधी परछी सारवणार आहे अन् पोतं हलवा म्हणते. माह्या घरात ते येऊ शकत नाही. तुमच्याकडं जिन्याखाली जागा आहे हे म्या पाह्यलं आहे. मारबत वस्तू गावाच्या शिवेबाहेर नेते, तुमी तर राज्याच्याच बाहेर आहात, म्हणून तुमाले दोष लागत नाही. तंबोऱ्याचा अडॅप्टर तेवढा इथं ठेवतो.

दुसरा ता. क. पोतं मंगळवारच्या लोकलनं घेऊन येतो. कौशल्याबाईले तांदूळ आहे म्हणून सांगा.

भाऊजी, सा. न. वि. वि. यायनं पत्र टाकाले माह्याच हाती देल्लं, पाकीट चिकटवाले गोंद पण मांगतला नाही. मंगळवारी पोतं येणार नाही. भूपेंद्रच्या मायसंग मी बोलली आहे, ती पोत्याभवती सारवून घेईल. नवीन अडॅप्टर म्या परछीत पहिल्यांदा गायली त्याच्या दुसऱ्याच दिवशी इथल्या पॉवर हाउस भागातल्या बाजारातून आणला, पहिल्याच दुकानात भेटला, डाळीच्या डब्यात ठेवला आहे. यायले सांगू नका. मी घरात गायाले बसली का हे आतल्या खोलीत बातम्या लावून बसत. आता रोज सांजच्याले पोत्याजवळ बसून पूर्ण भजन ऐकतात. ताईले सांगा, मी बरी आहे.
— अन्नपूर्णा