दावं आमच्याकडेच

६ जानेवारी, सोमवार
नवीन वर्ष, नवीन डायरी. नारायणगावचा फ्लॅट बँकेनं लिलावात विकला. वाईट वाटलं, पण मी पॉझिटिव्ह माणूस आहे. घर गेलं म्हणजे कर्जही गेलं. आता एकदम मोकळा. मुक्काम निमगाव सावा, मेव्हण्याकडे, म्हणजे गोरखकडे. फक्त आठ दिवस. संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

७ जानेवारी, सकाळी ९.२०
उठलो. गोरखची हरणी गाय पहाटेपासून हंबरते, झोप होत नाही. सासूबाई साळुबाईंनी चहा दिला. "पावणं, दूध डेरीला घालायचं अस्तंय, दुसरा कप नगा मागू," म्हणाल्या. साळुबाईंचा स्वभाव विनोदी आहे.

१३ जानेवारी
पतसंस्थेची नोटीस. पाण्याच्या जारचा धंदा काढला तेव्हा त्याच फ्लॅटवर दुसरं कर्ज घेतलं होतं, त्याची. हसू आलं. फ्लॅटच नाही तर त्यावरचं कर्ज कुठून राहणार? माझे वडील बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दलाल होते. जनावर विकलं की त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं घेणाऱ्याचं. आपण फक्त दावं सोडून घरी आणायचं, लक्ष्मी जाऊ नये म्हणून. फ्लॅटचंही तेच. कर्ज आता घेणाऱ्याचं. अश्विनीला समजावलं. बायको उठून भांडी घासायला गेली, म्हणजे पटलं.

१६ जानेवारी
पतसंस्थेत जाऊन मॅनेजरला कायदा सांगितला. म्हणाला, "राव, लिलावाचं पैसं पयल्या बँकेतच संपलं. घर नुसतं तारण व्हतं, कर्ज तुमच्या नावावर हाय." मी बैलाचं उदाहरण दिलं. त्यानं चहा मागवला. वरमला असावा. मी निघताना त्यानं विचारलं, जामीनदार गोरखभाऊ हल्ली कुठं भेटतात? पत्ता दिला. नीट खुणेसकट. सहकार्य करायला आपलं काय जातं?

२० जानेवारी
वकिलाला फोन. त्यानं एकच विचारलं, सही तुमचीच ना? हो म्हटलं. मग झालं की, म्हणाला आणि ठेवला. अर्धवट माहितीचा माणूस. दुसरा वकील बघणे.

२४ जानेवारी
गोरखला नोटीस आली. दारात उभा राहून तीनदा वाचली. म्हणाला, "दाजी, तुमी म्हणला व्हता, नुसती फॉर्मॅलिटी हाय." म्हटलं, आहेच. तीन वर्षांपूर्वी याच ओट्यावर त्यानं सही केली, एक ओळ न वाचता. बहिणीच्या नवऱ्याचा कागद कोण वाचतं? मी पेढे आणले होते त्या दिवशी. ते कुणाच्या लक्षात नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
वसुलीची गाडी येणार म्हणे. साळुबाई दिवसभर ओट्यावर रस्त्याकडे बघत बसून. अश्विनी भावाशी बोलते, माझ्याशी नाही. शब्द दिला की सोमवारपर्यंत सगळं क्लिअर करतो. साळुबाईंनी विचारलं, "कंच्या सोमवारपत्तूर?" रात्री भाकरी अर्धीच खाल्ली. बहुतेक ॲसिडिटी.

९ फेब्रुवारी
प्लॅन रेडी. उद्या पहाटे पाचला उठून मॅनेजरला गाठणे. सहा महिन्यांची मुदत मागणे. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ९.४०
उठलो. आज झोप मस्त झाली. हंबरणं नाही, काही नाही. चहा कोरा मिळाला. दुधाचं विचारलं तर अश्विनी आत निघून गेली. गोठ्यात डोकावलो. हरणी नाही. गोरख पहाटेच टेम्पोत घालून तिला बेल्ह्याला घेऊन गेला. आज बाजार.

दुपारी ३
गोरख आला. एका हातात पतसंस्थेची पावती, दुसऱ्यात दावं. हरणीचे पैसे भरून वसुलीची गाडी येणं तेवढं थांबलं, कर्ज फिटलेलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "दाजी, जेवला का?" आणि माझ्या खाटेवरच्या खुंटीला दावं अडकवून गेला.

वडील बरोबर होते. हरणीचं सगळं आता घेणाऱ्याचं. दावं आमच्याकडे. आणि कर्ज माझं. ते पहिल्यापासून माझंच होतं. हे गोरखला सांगावं म्हणून उठलो. तो रिकाम्या गोठ्यातलं शेण काढत होता. दारापर्यंत गेलो आणि परत येऊन खाटेवर बसलो.